रिकामे रकाने

तक्त्यातील शून्य आणि तक्त्यातील रिकामा रकाना यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत. शून्य हे उत्तर आहे. रिकामा रकाना म्हणजे उत्तर आलेलेच नाही. आज संगणकावर वरचा आकडा खालच्या शंभर रकान्यांत क्षणात उतरविता येतो. सोय मोठी खरी. परंतु मोजलेला आकडा कोणता व उतरविलेला कोणता, हे मागाहून ओळखावे कसे?

या बाबतीत आपल्या जनगणनेची रीत पाहण्यासारखी आहे. १९५१ साली जम्मू-काश्मीरमध्ये शिरगणती झाली नाही. पुढे १९४१ चे २९,४६,७२८ आणि १९६१ चे ३५,६०,९७६ यांची सरासरी काढून ३२,५३,८५२ हा आकडा त्या घरात बसविला गेला, आणि तो सरासरीचा आहे हेही नमूद झाले. १९८१ साली आसामात गणना होऊ शकली नाही. तेथेही मधला आकडा गणितानेच काढावा लागला.

मग सरासरी सर्वत्र चालेल काय? श्रोते हो, एखादा ज्ञात आकडा झाकून याची परीक्षा घेता येते. आमच्या दिल्लीची वस्ती १९४१ साली ९.१८ लाख, १९६१ साली २६.५९ लाख. मधला आकडा झाकू. वस्ती सारख्या दराने वाढली असे धरले, आणि एरवी लोकसंख्येला हीच रीत शोभते, तर १९५१ साठी १५.६२ लाख येतात. साध्या सरासरीने येतात १७.८८ लाख. प्रत्यक्ष गणना होती १७.४४ लाखांची! साधी रीत जिंकली, पण तो निव्वळ योगायोग. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले, त्यामुळे पहिल्या दशकाची वाढ दुसऱ्या दशकाच्या वाढीजवळ गेली. सारख्या दराचा आकडा भरला असता, तर १ लाख ८२ हजार माणसे कागदावरून गळली असती.

नावांचा घोळ त्या मानाने सोपा. अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. कोणी नुसते 'नगर' लिहितो. संगणकाच्या लेखी हे तीन जिल्हे, आणि नावापुढे चुकून एक मोकळी जागा राहिली तर चौथा. एकेक ओळ सुधारीत बसू नये. वेगवेगळ्या नावांची यादी काढावी, प्रत्येकासमोर मान्य नाव लिहावे आणि त्या यादीवरून साऱ्या तक्त्याला एकदम नियम लावावा. मूळ प्रत मात्र वेगळी ठेवावी, आणि भरलेल्या आकड्याशेजारी एक लहानसा रकाना असावा: मोजलेला की अनुमानाचा, आणि अनुमान कोणत्या रीतीने.