भिंत त्यांची, फोटो तुमचा

पाऊस सुरू झाला की तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत काय काय जमा होतं, आठवून बघा. ढगात बुडालेला लोहगडाचा विंचूकाटा, भाज्याच्या डोंगरावरून कोसळणारं पाणी, नागफणीच्या टोकावर अडकलेलं धुकं. स्टेटसला टाकलं, दीडशे लाइक्स आले, दुसऱ्या दिवशी स्टेटस गायब. मग एखाद्या रिसॉर्टमधून मेसेज येतो, ‘फोटो भारी आहेत, आम्हाला वापरायला देशील का? क्रेडिट देऊ.’ तुम्ही हवेत! महिन्याभरात तोच फोटो त्यांच्या मेन्यूकार्डवर, बुकिंगच्या पानावर आणि बाहेरच्या फ्लेक्सवर. क्रेडिट कुठे आहे, ते शोधत बसा.

फुकट देण्याऐवजी तोच फोटो त्याच रिसॉर्टच्या भिंतीवर किंमत लावून टांगता येतो. वलवण, लोणावळा, कार्ला, कामशेत या पट्ट्यात राहत असाल किंवा इथून पुण्याला कॉलेजला अप-डाऊन करत असाल, तर ही संधी तुमच्या दारातच आहे.

गॅलरीशिवायचा बाजार

फोटो विकायचा तर जहांगीर आर्ट गॅलरीत किंवा पुण्याच्या बालगंधर्व कलादालनातच प्रदर्शन भरवायला हवं, हा समज आधी काढून टाका. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. काही वर्षांतच तो मळवलीला हलला. हो, तीच मळवली, लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की लोकलचं पहिलं स्टेशन. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्म्यांचं मूळ तैलचित्र संस्थानिकांना परवडायचं, पण छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या देवघरात आणि दुकानाच्या गल्ल्यामागे जाऊन बसली. छापखान्याने मालाची लेबलंही छापली. म्हणजे लोक जिथे रोज येतात-जातात, तिथे चित्र न्यायचं, हा धंदा मावळाने शंभर वर्षांपूर्वीच बघितलाय.

कुठली भिंत?

प्रत्येक दुकानात वेगळा फोटो चालतो. चिक्कीच्या दुकानात येणाऱ्याच्या हातात आधीच चार पिशव्या असतात आणि त्याला गाडी पकडायची असते. तो दोन फुटी फ्रेम कशाला उचलेल? तिथे गल्ल्याजवळ पोस्टकार्डं आणि फ्रिज मॅग्नेट ठेवा. कॅफेत किंवा मिसळीच्या हॉटेलात माणूस अर्धा तास बसतो, समोरची भिंत बघतो. तिथे मध्यम आकाराच्या फ्रेम शोभतात. मोठ्या फ्रेमचं गिऱ्हाईक म्हणजे होमस्टे, छोटी हॉटेलं आणि मुंबई-पुणेकरांचे वीकएंड बंगले.

मालकाशी बोलायला रविवारी दुपारी जाऊ नका. गर्दीत तो तुमच्याकडे बघणारही नाही. मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. लॅपटॉप नको, छापलेले दोन-तीन प्रिंट हातात ठेवा. आणि बोलताना ‘माझी कला’ कमी, ‘तुमची मोकळी भिंत’ जास्त!

फोटो कुठला, हाही प्रश्नच आहे. भुशीच्या पायऱ्यांचा फोटो प्रत्येक पर्यटक स्वतःच काढतो. त्याला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. जुन्या महामार्गाने जाणारे हजारो लोक वलवणला गाडीचा वेगही कमी करत नाहीत. इथल्या धरणाचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्राकडे जातं, हे त्यातल्या कितीजणांना माहीत असतं? उन्हाळ्यात उघडे पडलेले तलावाचे काठ, भातलावणी, पहिल्या लोकलची गर्दी... इथे राहणाऱ्यालाच मिळणारे हे फोटो आहेत. लोहगड तर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. त्याचं पावसाळ्याबाहेरचं रूपही कोणीतरी दाखवायला हवंच की.

हिशेब कच्चा नको

समजा, १२ बाय १८ इंचांचा प्रिंट आणि फ्रेम मिळून तुम्हाला ७०० रुपये खर्च आला. दुकानदाराशी ३० टक्के कमिशन ठरलं. तुम्ही किंमत लावली १,००० रुपये आणि वाटलं, चला, ३०० सुटले. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं. दुकानदाराचे ३०० गेले, खर्चाचे ७०० गेले, तुमच्या हातात भोपळा. तोच फोटो १,५०० ला लावलात तर कमिशन ४५० आणि तुमच्याकडे ३५० उरतात. म्हणून आधी खर्च, मग कमिशन, आणि त्यानंतर किंमत.

प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल वापरू नका, ती आकसलेली असते. १२ बाय १८ चा प्रिंट ३०० डीपीआयने काढायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. जरा लांबून बघायच्या फोटोला २०० डीपीआयही पुरतं.

आणि लोणावळ्याचा पाऊस विसरू नका. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल आलेल्या भिंतीवर फ्रेम टांगलीत तर दिवाळीपर्यंत फोटोवर बुरशी. काच थेट फोटोला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट घाला, फ्रेम आतल्या कोरड्या भिंतीवर लावा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा.

जांगड आणि एक कागद

आपल्या बाजारात एक जुना शब्द आहे, ‘जांगड’. माल पसंतीवर द्यायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. तुमचा व्यवहारही असाच. १९३० च्या मालविक्री कायद्यातही पसंतीवर दिलेल्या मालाची तरतूद आहे आणि त्यात परतीच्या मुदतीला महत्त्व आहे. म्हणून साध्या कागदावर लिहून घ्या: किती फ्रेम दिल्या, प्रत्येकीची किंमत, कमिशन किती, पैसे कधी मिळणार, फ्रेम फुटली तर भरपाई कोण देणार आणि न विकलेला माल कुठल्या तारखेला परत. दोन प्रती, दोघांच्या सह्या. काका ओळखीचे असले तरी! ओळख टिकावी म्हणूनच तर कागद करायचा.

प्रिंट विकला, हक्क नाही

भिंतीवरचा प्रिंट कोणी विकत घेतला म्हणून फोटोचा कॉपीराइट त्याचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हा हक्क टिकतो. दुसऱ्याच्या नावावर तो करायचा तर लेखी आणि सहीनिशीच. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत. त्यामुळे मेन्यूकार्डासाठी फोटो द्यायचा असेल तर ‘फक्त मेन्यूकार्ड, एक वर्ष, इतके रुपये’ असं स्पष्ट लिहा.

एक अपवाद लक्षात ठेवा. रिसॉर्टने पैसे देऊन तुमच्याकडून त्यांच्या खोल्यांचे फोटो काढून घेतले, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्या फोटोंचा कॉपीराइट त्यांचाच.

फोटो काढतानाही भान हवं. कार्ला-भाजे लेण्यांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर झोन तपासा, इथे ‘आयएनएस शिवाजी’ हा नौदलाचा तळ आहे. धरणही कंपनीच्या ताब्यात आहे, कुंपण ओलांडून ‘शॉट’ घेऊ नका. आणि कणसं विकणाऱ्या मावशींचा किंवा लावणी करणाऱ्या काकांचा फोटो भिंतीवर विकायचा असेल तर आधी त्यांना विचारा. ‘हो’ म्हणाले तर पहिला प्रिंट त्यांच्या हातात द्या. नको म्हणाले तर विषय संपला.

यातून महिन्याला पगार सुटेल, असं कोणी सांगत नाही. पहिल्या सीझनला दोन फ्रेम आणि थोडी पोस्टकार्डं गेली तरी तुम्हाला एक गोष्ट कळेल, जी लाइक्समधून कळत नाही: अनोळखी माणूस तुमच्या कुठल्या फोटोसाठी खिशात हात घालतो. आज रात्री गॅलरीतून दहा फोटो निवडा, त्यातले तीन छापा आणि येत्या मंगळवारी एका मोकळ्या भिंतीच्या मालकाला भेटा. जाताना कागद-पेन बरोबर असू द्या.