एका सकाळी पन्नास हजार

एका सेकंदाला एक पक्षी, या वेगाने न थांबता मोजत राहिलं, तर पन्नास हजार पक्षी मोजायला 13 तास 53 मिनिटं लागतात. हिवाळ्यातला दिवस तेवढा मोठा नसतोच. वडोदरा जिल्ह्यातल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर मात्र हे काम एका सकाळीच उरकावं लागतं. चांगल्या वर्षी इथला आकडा पन्नास हजार ओलांडतो आणि सकाळच्या तीन तासांत सेकंद असतात फक्त 10,800.

तलावाचा पसारा 630 हेक्टर, म्हणजे 63 लाख चौरस मीटर. पक्षी सगळीकडे सारखे पसरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 126 चौरस मीटर येतील. पण ते तसे पसरत नाहीत. चांदवे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात, तलवार बदकं उघड्या पाण्यावर तरंगतात, कलहंस काठच्या गवतात चरतात. एखादा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा थवा उठतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तलावाचे भाग पाडतात. वनखात्याचे कर्मचारी, महाराजा सयाजीराव विद्यापीठातले विद्यार्थी आणि हौशी पक्षीनिरीक्षक आपापल्या भागात एकाच वेळी मोजतात. उडून शेजारच्या भागात गेलेला पक्षी दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी वेळ सांभाळावी लागते. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठेवायचं, त्यावरून शंभराचा अंदाज बांधायचा आणि अशी शंभरं थव्यावरून सरकवत न्यायची. यात दहा टक्के चूक झाली तर पाच हजार पक्षी कमी-जास्त होतात. तरीही ही मोजणी मोलाची ठरते, कारण पद्धत दरवर्षी तीच असते. संख्या वाढते आहे की घटते आहे, हे त्यातून कळतं.

मोजले जाणारे बरेचसे पाहुणे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. आर्क्टिकपासून हिंद महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गावर 30 देश आहेत आणि पाणपक्ष्यांच्या 182 स्थलांतरित जाती तो वापरतात. त्यांतलं चक्रांग बदक जेमतेम तीनशे ग्रॅमचं. याच मार्गावरच्या पट्टेरी राजहंसाचं वजन दोन-तीन किलो. त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्राने हिमालय ओलांडताना 7,290 मीटर उंचीची नोंद केली आहे. कळसूबाईवर कळसूबाई अशी चार शिखरं रचली तरी तो त्यांच्यावरून जाईल. तिथल्या हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

पाणपक्ष्यांची जागतिक गणना 1967 पासून होते आणि आशियातली 1987 पासून, दर जानेवारीत. जगभरात वर्षाला तीन ते चार कोटी पक्ष्यांची नोंद होते. चार कोटी पक्षी एकाच माणसाने सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस जागून मोजले, तर 463 दिवस लागतील. हजारो स्वयंसेवकांनी वाटून घेतलं म्हणूनच ते काम हिवाळ्यातल्या काही आठवड्यांत होतं. 

या मोजणीचं फळ दोन आकड्यांत दिसतं. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे 20,000 किंवा त्याहून जास्त पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे येत असेल, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जाण्यास पात्र ठरते. वढवाणा 2021 मध्ये त्या यादीत गेला. मुळात हा तलाव पक्ष्यांसाठी बांधलेलाच नाही. बडोदा संस्थानाने 1910 साली तो शेतीसाठी बांधला आणि आजही 25 गावांना त्याचं पाणी मिळतं. तेव्हाचे तिथले महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्याच जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि तेही गोदावरीवरच्या सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं.

शेतासाठी अडवलेल्या पाण्याचं जगाच्या दृष्टीने काय मोल आहे, हे त्या काठांवर थंडीत उभं राहून मोजणाऱ्या माणसांमुळे सिद्ध होतं. आपल्या गावच्या तळ्यासाठी असा आकडा कोणाकडे आहे का, हे एकदा विचारून पाहा. नसेल तर जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुर्बीण आणि वही घेऊन तुम्हीच काठावर जा. चाळीस पक्षी दिसले तर चाळीस लिहा, एकही दिसला नाही तर शून्य लिहा. पुढच्या वर्षी तुलनेला ते शून्यही लागणार आहे.