ठासणीची बंदूक : ऐरणीपासून वरणगावपर्यंत

परीक्षेपूर्वी मोठमोठ्या गप्पा मारणाऱ्या आणि निकालाच्या दिवशी तोंड लपविणाऱ्या मित्राला आपण ‘फुसका बार’ म्हणतो. पण बार म्हणजे काय आणि तो फुसका कशाने होतो, असे कोणी विचारले तर वर्गात फारसे हात वर होणार नाहीत. नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर गोळी सारून, गजाने ठासून बसविलेला एका वेळचा ऐवज म्हणजे बार. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. कानाशी वाटीत चिमूटभर बारीक दारू ठेवीत, ती रंजक. रंजक नुसतीच भडकून गेली आणि आतल्या दारूपर्यंत विस्तव पोचलाच नाही, की बार फुसका ठरे. रंजक, जामगी, गज हे शब्द एके काळी घरोघरचे होते. आज जामगी म्हणजे पेटती वात हे सांगावे लागते.

माझे आजोबा अमळनेर तालुक्यात लोहारकी करीत. त्यांनी बंदूक कधी केली नाही, हे आधीच सांगितलेले बरे. विळे, पास, कुऱ्हाडी आणि बैलगाडीच्या चाकांच्या धावा हा त्यांचा धंदा. परंतु ठासणीच्या बंदुकीची नळी कशी होत असे, हे मला पुस्तकातून कळण्यापूर्वी त्यांच्याच भट्टीवर कळले. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. तिची दोन टोके एकमेकांवर आणून, लोखंड पांढरेफटक तापेपर्यंत भाता ओढून, घणाच्या घावाने ती एकजीव करावी लागत. उष्णता कमी पडली तर सांधा धरत नाही, जास्त झाली तर लोखंडच जळून ठिणग्या उडतात. हा क्षण ओळखण्याचे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. “लोखंड सोताच सांगस, आते मार,” एवढेच ते म्हणत.

बंदुकीची नळी म्हणजे हाच सांधा, पण हातभर लांब आणि जिवावर बेतणारा. धावेचा सांधा सुटला तर गाडी वाटेत उभी राहते. नळीचा सांधा सुटला तर नेम धरणाऱ्याचे तोंड जाते. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, थोडा थोडा भाग तापवून, ठोकून तिची नळी करीत. कोणी पट्टी उभी वळवून कडा जोडीत, तर कोणी ती वेलासारखी तिरपी गुंडाळीत. तिरप्या गुंडाळीत एक शहाणपण होते. दारूचा जोर नळी फाडू पाहतो तो बहुधा लांबीच्या दिशेने, आणि तिरप्या सांध्यावर तो सरळ येत नाही. अशा नळीवर लोखंडाच्या थरांची जी नक्षी उमटे तिला जौहर म्हणत. मग आतून भोक घासून गुळगुळीत करणे, उजेडाकडे धरून ती सरळ आहे की नाही हे पाहणे, आणि शेवटी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून, लांब उभे राहून नळीची परीक्षा घेणे. परीक्षेत नळी फुटली तर कारागिराचे कित्येक दिवसांचे श्रम मातीत जात.

‘ऐन-इ-अकबरी’मध्ये अबुल फजलने या कामाचे वर्णन केले आहे. एका जनावराने फिरवावयाच्या चाकावर सोळा नळ्या एकदम साफ होत, असे तो लिहितो. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’ होते, आणि १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल तिच्याच गोळीने पडला, अशीही नोंद आहे. याच अकबराने जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि खानदेश मोगल सुभा झाला. पण बादशहाच्या कारखान्यातली कृती आणि खेड्यातल्या लोहाराची कृती यांत मूळचा फरक नव्हता, तो होता जनावरांचा, माणसांचा आणि पैशाचा.

नळीचे बूड बंद करणे हे सर्वांत नाजूक काम. जपानची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोचली. तिथल्या लोहाराने नळी हुबेहूब केली, पण बुडाचा आट्यांचा बूच काही केल्या त्याला साधेना. ते गुपित मिळविण्यासाठी त्याने आपली मुलगी पोर्तुगीजाला दिली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला लोहारकाम कळत होते यात शंका नाही.

लाकडाचा कुंदा सुताराकडचा. कुंद्याला शिसव चांगला, कारण तो जड असतो, सहजी चिरत नाही आणि धक्का सोसतो. चापाची रचना तोड्याच्या बंदुकीत इतकी साधी असते की शाळेतल्या मुलालाही ती काढून दाखविता येईल. चाप ओढला की पलीकडच्या टोकाचा घोडा पेटता तोडा घेऊन रंजकेवर टेकतो, बस्स. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची दोरी. खानदेशात कापसाला काय तोटा! सोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या खारट मातीतून निघे, कोळसा तर भट्टीपाशीच. गंधक मात्र विकतचे. म्हणजे लोहार, सुतार आणि दारू करणारा अशी तीन घरे एकत्र आली की एक बंदूक उभी राही. ‘घरी केलेली बंदूक’ असे आपण म्हणतो खरे, पण एका घराचे ते काम कधीच नव्हते.

येथूनच माझ्या मते या विषयातली खरी गोष्ट सुरू होते. बंदुकीत जी जी सुधारणा झाली तिने ती खेड्याच्या हातून थोडी थोडी काढून घेतली. गारेच्या बंदुकीला कडक पाणी दिलेली कमान लागे. ती प्रत्येक लोहाराला साधत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात तांब्याची टोपी आली. टोपीमुळे पावसातही बार उडू लागला, पण टोपी दुकानातूनच आणावी लागे. ज्याच्या हाती टोपीचे दुकान, त्याच्या हाती बंदूक! मग आली रायफल. नळीच्या आत लांब वळणाचे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी आपली दिशा सोडत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले जर्मन कारागीर अठराव्या शतकात लाकडी साच्याच्या आधाराने, हाताने असे आटे पाडीत. आपल्याकडेही आटे पाडलेल्या नळ्या क्वचित आढळतात. पण गोळी घट्ट बसत असल्याने भरायला वेळ लागे, म्हणून फौजांनी साधी नळीच पसंत केली. ही अडचण मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पोकळ बुडाच्या गोळीने सन १८५० च्या सुमारास दूर केली. ती सैल आत जाई आणि बार उडताच फुगून आट्यांत बसे. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल याच तत्त्वावरची, ठासणीचीच होती. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ मध्ये काय घडविले ते सर्वांना ठाऊक आहे. साध्या नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. एनफील्डच्या माशीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

खानदेशला या फरकाची किंमत मोजावी लागली. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिपायांनी इंग्रजांना कित्येक दिवस झुंजविले, त्या वेळी दोन्हीकडच्या बंदुका साध्या नळीच्याच होत्या. १८२५ मध्ये औटरामने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. तिथल्या भिल्ल शिपायाला बंदूक मिळाली ती सरकारी कोठारातली. तिची दुरुस्ती, दारू, गोळी सगळे सरकारचे. नोकरी गेली की बंदूकही गेली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक असाच इंग्रजांच्या चाकरीतला होता. तो उलटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांजवळ तिरकमठे होते, काही तोड्याच्या बंदुका होत्या. ते चिवटपणे लढले. पकडलेल्या कित्येकांना लगोलग गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात या लढाईला चार ओळीही मिळत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेले काम पुरे केले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे वा करणे गुन्हा ठरला आणि ऐरणीवरची नळी बंद झाली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही घरी बंदूक करणे हा मोठ्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तो असावा, असेच माझे मत आहे. मात्र त्या कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद अजून आहे. शंभर वर्षांपूर्वीच मागे पडलेल्या हत्याराचे नाव कायद्याच्या कलमात टिकून राहिले, ही गंमतच. दुसरीकडे आपल्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा मोठा सरकारी कारखाना चालतो. आमच्या गल्लीतल्या एका लोहाराचा मुलगा तिथे कामाला आहे. सोरा, गंधक, तोडा हे शब्द त्याला माहीत नाहीत, आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

अमेरिकेत विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर या कारागिराने अठराव्या शतकातल्या पद्धतीने एक रायफल लोखंडाच्या पट्टीपासून संपूर्ण हाताने घडविली, आणि १९६९ मध्ये त्या कामाचा चित्रपट निघाला. भट्टीपासून नक्षीपर्यंत प्रत्येक घाव त्यात पाहता येतो. धुळ्यात १९२६ च्या अखेरीस राजवाडे वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या थोर पुरुषाने दप्तरे जमविण्यासाठी गावोगाव पायपीट केली. पण लोहाराच्या घरी दप्तर नसते. त्याची विद्या हातात असते, आणि हात थांबला की ती संपते.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सहलीला जाल तेव्हा शस्त्रांच्या दालनात जरा थांबा. कुंद्यावरचे हस्तिदंत आणि चांदी सगळेच पाहतात. तुम्ही नळी पाहा. तिच्यावर वेलासारखी तिरपी रेघ दिसली तर पट्टी गुंडाळून केलेली नळी आहे असे समजावे. सरळ उभी रेघ दिसली तर कडा जोडलेली. उजव्या अंगाला कान असेल आणि त्याच्याभोवतीचे लोखंड खाल्लेले दिसेल, कारण रंजक लोखंड खाते. कान जितका रुंद झालेला, तितकी ती बंदूक जास्त चाललेली. आणि कोणाच्या घरी माळ्यावर अशी गंजलेली नळी निघालीच, तर ती रिकामी आहे असे धरून चालू नये. ठासलेला बार पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहू शकतो. तिला विस्तवाजवळ नेऊ नये, ठोकू नये, आणि पोलीस ठाण्यात कळवावे.