बॅलरॅटची नावाची झाडे

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅट हे सोन्याच्या खाणींमुळे वसलेले शहर आहे. तिथून पश्चिमेकडे निघालेल्या रस्त्याच्या दुतर्फा सुमारे 22 किलोमीटर झाडे उभी आहेत. पहिल्या महायुद्धासाठी या भागातून भरती झालेल्या प्रत्येकाच्या नावाचे एक, अशी 3,771 झाडे इथे लावली गेली. त्यांत परिचारिकांची झाडेही आहेत.

या कामात पुढाकार होता तो लुकास या तयार कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा. पैसे त्यांनी जमवले आणि पहिली रोपे 3 जून 1917 रोजी लागली. जून म्हणजे तिथला हिवाळा. एल्म, ओक, अ‍ॅश, मेपल या पानगळीच्या झाडांची वाढ तेव्हा थांबलेली असते. पाने नसल्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावले तरी कोमेजत नाही, वसंत येईपर्यंत मुळे नव्या मातीत जम बसवतात. लागवड 1919 पर्यंत चालली. 1920 मध्ये रस्त्याच्या तोंडाशी विजय-कमान उभी राहिली.

झाडांचा क्रम हुद्द्यावरून नव्हे, भरतीच्या तारखेवरून लागला. त्यामुळे साध्या शिपायाच्या शेजारी अधिकारी उभा असतो. या रांगेचे खरे मोल इथे आहे.

लागवड दोन-तीन वर्षांत आटोपली, राखण मात्र शंभर वर्षे चालू आहे. युरोप-अमेरिकेतले लाखो एल्म डच एल्म रोगाने गेले. हा रोग ऑस्ट्रेलियात पोचलेला नाही, म्हणून तिथले जुने एल्म आज फार मोलाचे आहेत. एल्मची पाने खाणारा भुंगेरा मात्र पोचला. त्याच्या अळ्या पानाचा गर खातात आणि शिरांची जाळी तेवढी उरते. मग कोषात जाण्यासाठी त्या खोडावरून खाली सरकतात, तिथेच त्यांना गाठता येते: खोडाभोवती औषधाचा पट्टा मारतात. दुसरा उपाय म्हणजे बुंध्याशी मातीत औषध सोडणे. ते मुळांतून पानांपर्यंत चढते.

झाड वठले की त्याच जागी नवे रोप लावायचे असते. दोन रुंद बुंध्यांच्या मधे काठीला बांधलेले मनगटाएवढे खोड दिसते. त्याच्या पायथ्याशी ब्राँझची जुनी पाटी असते, नाव तेच.