गुलाबाचें रोप विकत घेतांना

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अमरावती व अकोला ह्या दोन्ही शहरांत गुलाबाच्या रोपांच्या हातगाड्या फिरत असतात. प्रत्येक रोपाला एक तरी टपोरें फूल असतेंच. तें फूल पाहून रोप घेतलें जातें, अंगणांत लावलें जातें, आणि पुष्कळ घरीं वैशाखाच्या उन्हांत त्याच्या वाळलेल्या काड्या तेवढ्या उरतात. मग "वऱ्हाडची काळी जमीन कापसाची, तेथें गुलाब कसचा व्हायचा!" असा निकाल देऊन सर्वजण मोकळे होतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं महिन्याचा हिशेब काटकसरीचा असतो, व रोपाचे पैसे आईनें जपून ठेवलेले असतात. ते मातींत जाऊं नयेत म्हणून हा लेख. गुलाब आमच्या जमिनींत होतो, असें आमचें मत आहे. मात्र येथें रोप पारखावयाचें तें फुलावरून नव्हे, तर फुलाच्या हातभर खालीं जें असतें त्यावरून.

बाजारांत 'कलमी' म्हणून मिळणारा गुलाब म्हणजे एक झाड नसून दोन झाडांचा सांधा असतो. मुळ्या एका काटक जातीच्या असतात. त्या भागास खुंट म्हणतात. खुंटाच्या सालींत चीर देऊन तींत हव्या त्या जातीचा डोळा बसवितात, व तो फुटला म्हणजे खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. ही गोष्ट वऱ्हाडी माणसास नवी सांगावयास नको. वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट ह्या भागांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून पन्हेरी तयार करण्याचा मोठा धंदा आहे. पन्हेरी घेणारा शेतकरी तिला फळ लागलें आहे काय, असें कधीं विचारीत नाहीं. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा व किती उंचीवर बांधला, एवढेंच तो पाहतो. गुलाब घेतांना मात्र तोच मनुष्य फुलावर भाळतो, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

खुंटाला एवढें महत्त्व कां, हें जमिनीकडे पाहिल्यास ध्यानांत येईल. वऱ्हाडची काळी माती चिकण असते. पावसाळ्यांत ती फुगते व पाणी धरून बसते, त्यामुळें मुळ्यांना हवा मिळत नाहीं. उन्हाळ्यांत ती आकसून भेगाळते व बारीक मुळ्या तुटतात. शिवाय तींत चुनखडी असल्यामुळें ती अल्कधर्मी असते. अशा मातींत लोह असूनहि तें विरघळत नाहीं, म्हणून झाडास मिळत नाहीं. कोंवळीं पानें पिवळीं पडतात व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मल्टिफ्लोरा नांवाचा खुंट थंड हवेच्या व किंचित् आम्लधर्मी जमिनीच्या प्रदेशांत उत्तम, परंतु चुनखडीच्या जमिनींत त्याला हा पिवळेपणा लवकर येतो. आपल्याकडे 'एडवर्ड' नांवाचा खुंट अधिक टिकतो. चिखलदऱ्यासारख्या उंच ठिकाणीं जें रोप जोमानें वाढलेलें दिसतें तेंच अकोल्याच्या अंगणांत तग धरील, असें म्हणूनच गृहीत धरूं नये.

ह्या एडवर्डची कुळकथा मनोरंजक आहे. हिंदी महासागरांत बूरबाँ नांवाचें बेट होतें. आज त्यास रेयुनियों म्हणतात. तेथें दमास्क गुलाब व चिनी गुलाब ह्यांच्या संकरांतून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें घराणें निपजलें. चिनी गुलाबाच्या अंगीं वर्षांतून अनेकदां फुलण्याचा गुण होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपांत गेला तो हिंदुस्थानच्या व्यापारी जहाजांच्या वाटेनें, म्हणून तिकडे त्यास 'बंगाल गुलाब' असें नांव पडलें. त्या गुणाचा वारसा एडवर्डला मिळाला आहे. वरचें कलम मेलें तरी खालून फुटलेला एडवर्ड सुवासिक गुलाबी फुलें देत राहतो. "आमच्या लाल गुलाबाचा रंगच बदलला" असें कित्येक घरीं ऐकूं येतें, त्याचें कारण बहुधा हेंच. रंग बदलत नाहीं, झाड बदललेलें असतें.

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर अशा पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तेथें विहिरीचें पाणीच खारट. तें घातल्यास क्षार मातींत सांचत जातात, व पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. तेथें जमिनीचा नाद सोडून मोठ्या कुंडींत गुलाब लावावा, पिण्याचें गोडें पाणी किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी द्यावें, आणि दोन झाडांवर समाधान मानावें.

आतां प्रत्यक्ष पारख. रोप हातीं घेतांच डोळ्याचा सांधा शोधावा. तो मातीच्या वर दोन-तीन इंच, भरून आलेला व घट्ट असावा. मातींत पुरला गेला असल्यास वरची माती बोटानें सारून पाहण्यास संकोच करूं नये. विक्रेता रागावला तर दुसरा विक्रेता पाहावा. सांध्याच्या वरून निघालेल्या निदान दोन फांद्या शिसपेन्सिलीएवढ्या जाड व हिरव्या असाव्यात. एकच लांब, लवलवीत काडी व तिच्या टोकाला मोठें फूल असलेलें रोप, किंमत कितीहि थोडी असो, महागच पडतें. सात दलांचें पान दिसल्यास ती खुंटाची फूट समजावी, असें पुष्कळजण सांगतात. पण कित्येक उत्तम जातींनाहि सात दलें येतात. फूट सांध्याच्या वरून निघाली कीं खालून, एवढें पाहणें पुरे आहे.

फांदीचा शेंडा काळा पडून तो काळेपणा खालीं उतरत असेल, तर तो शेंडेमर रोग होय. तें रोप फुकट मिळालें तरी घरीं आणूं नये. देंठावर पांढुरके किंवा तपकिरी खवले चिकटलेले दिसल्यास नखानें खरवडून पाहावे. ते निघाले तर ती खवलेकीड, व ती शेजारच्या झाडांवरहि पसरेल. पान उलटून पाहावें, कारण लाल कोळी खालच्या बाजूस लपतो. पिशवीच्या भोंकांतून पांढऱ्या मुळ्यांचीं टोकें डोकावत असलीं तर उत्तम. रोप बुडख्याशीं धरून हळूच हलवावें. तें मातींत खिळखिळें वाटलें, तर नुकतेंच उपटून पिशवींत भरलेलें आहे असें समजावें. हातगाडीवरील पुष्कळ रोपें अशींच असतात, व त्यांचें फूल हें पूर्वीच्या सांठ्यावर आलेलें शेवटचें फूल असतें.

जातींविषयीं प्रत्येकाची आवड निराळी, तेव्हां आम्ही थोडेंच सांगतों. पहिल्यानेंच गुलाब लावणाऱ्यानें प्रदर्शनांतील अवाढव्य फुलाच्या मागें लागूं नये. 'ग्रुस आन टेप्लिट्झ' हा १८९७ सालचा लाल गुलाब फुलानें मोठा नाहीं, पण काटक व सुवासिक आहे. 'क्वीन एलिझाबेथ' (१९५४) हा गुलाबी, उंच वाढणारा. 'आईसबर्ग' (१९५८) हा पांढरा, झुबक्यांनीं फुलणारा. फुलांच्या शेतीकरितां महाराष्ट्रांत 'ग्लॅडिएटर' पुष्कळ लावीत आले आहेत, तोहि चालेल. काळसर लाल गुलाबांचा मोह मोठा असतो. परंतु त्यांच्या पाकळ्या ऊन अधिक शोषतात व फाल्गुनापासूनच त्यांच्या कडा करपूं लागतात. घराच्या पूर्वेस, दुपारनंतर सावली पडेल अशी जागा असेल तरच ते घ्यावे. आपल्या देशांत निपजलेल्या जातींचीहि चौकशी करावी. गव्हाच्या संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) ह्यांनीं गव्हाइतक्याच आवडीनें गुलाबाच्या नव्या जाती काढल्या, व १९६६ सालीं हिंदुस्थानांतील गुलाबांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथहि प्रसिद्ध केला.

निळ्या गुलाबाचें बीं किंवा रोप विकणाऱ्यास एक पैसाहि देऊं नये. निळा रंग देणारें जें द्रव्य पुष्कळ फुलांत असतें तें गुलाबांत नाहीं. जपानांतील एका कंपनीनें दुसऱ्या फुलाचें जनुक घालून २००४ सालीं जो गुलाब जाहीर केला तोहि जांभळटच आहे. कलमी गुलाबाचें बीं पेरून तोच गुलाब येत नाहीं, हें निराळेंच.

खरेदी केव्हां करावी? फुलें पाहावयाचीं असल्यास पौष-माघांत पाहावीं, नांवें वहींत टिपून घ्यावीं, आणि रोप मात्र दसऱ्यानंतर आणावें. त्या वेळीं जमिनींत ओल असते, ऊन मवाळ होत जातें, आणि मुळ्यांना उन्हाळ्यापूर्वीं चार महिने मिळतात. फेब्रुवारींत आणलेल्या रोपाला दोनहि महिने मिळत नाहींत. पुढें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हां त्याच्या मुळ्या पिशवीएवढ्याच जागेंत असतात. खुंटाची खात्री करून घेण्यासाठीं अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाकडे विचारणा करावी; खाजगी रोपवाटिकेंत गेल्यासहि "खुंट कोणता?" हा पहिला प्रश्न असावा. उत्तर देणारा मनुष्य बहुधा रोपेंहि बरीं ठेवतो.

लावणीसाठीं दोन फूट लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा, असें सर्वत्र सांगतात. काळ्या मातींत नुसता असा खड्डा म्हणजे पाणी सांचण्याची हौदी होते. म्हणून माती, कुजलेलें शेणखत व मुरूम-वाळू सारख्या प्रमाणांत मिसळून भरावी, व वाफा जमिनीपेक्षां वीतभर उंच करावा. बाहेरगांवचीं रोपें बहुधा तांबड्या चिकण मातीच्या हुंडींत येतात. ती हुंडी तशीच काळ्या मातींत पुरल्यास दोन्ही माती एकजीव होत नाहींत, व मुळ्या गोळ्यांतच घुटमळतात. कडेची माती हलक्या हातानें मोकळी करावी. सांधा मातीच्या वर ठेवावा. असलेलीं फुलें व कळ्या, जीवावर आलें तरी, त्याच दिवशीं खुडून टाकाव्या. पानें पुढें पिवळीं पडूं लागल्यास एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळीं पानांवर फवारावा.

पहिला उन्हाळा हीच खरी कसोटी. होळीनंतर पश्चिमेच्या बाजूस तुराट्यांचा तट्टा उभा करावा, बुडाशीं चार बोटें जाड कुटार पसरावें, व पाणी पहांटे द्यावें. ह्या दिवसांत छाटणी व खत दोन्ही बंद ठेवावीं, आणि कळी आली तर खुडावी. मृगाचा पाऊस लागला कीं तट्टा काढून कुटार बुडापासून मागें सारावें, नाहीं तर बुडखा कुजतो. पावसाळ्यांत सांध्याखालून फूट आली तर ती कात्रीनें न कापतां मुळाशींच ओढून काढावी. पहिली छाटणी पावसाळा सरल्यावर. छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनीं फूल येतें. म्हणून नाताळांत टेबलावर घरचा गुलाब पाहिजे असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत कात्री हातीं घ्यावी.