तीनशे सेकंद

मैत्रिणीची मुलगी बोलता बोलता म्हणाली, "मावशी, ते तीनशे सेकंद फार जड जातात गं." ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून एका शनिवारी रात्री साडेअकराला त्यांच्या कोथरूडच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी आलं घातलेल्या चहाचा थर्मास.

तिच्याकडे चारशे सर्व्हर आहेत. कुणावर कोणतं सॉफ्टवेअर असावं, कोणती सेवा चालू असावी, हे 'पपेट' सांभाळतं. ल्यूक केनीस यांनी 2005 मध्ये सुरू केलेली ही प्रणाली. नाव बाहुलीचं, पण पिंगुळीच्या कळसूत्रीसारखी दोरी वरून हलत नाही. इथे बाहुल्याच दर 30 मिनिटांनी 8140 क्रमांकाच्या पोर्टवर येऊन विचारतात, मी कसं असायला हवं? सांगणारा मुख्य सर्व्हर पडला, तर त्या जुन्याच सूचनांवर चालत राहतात. नवी दुरुस्ती कुणापर्यंतच पोचत नाही.

महिन्यापूर्वी तो पडला होता. सर्व्हर जावावर चालतो आणि मुळात त्याला 2 जीबी मेमरी नेमून दिलेली असते. आत विचारणाऱ्यांना उत्तरं देणारे चार जेरुबी. एकेकाला साधारण 512 एमबी धरली, तर 2 जीबी तिथेच संपतात.

तो 2 चा आकडा आज बदलायचा होता. तो ज्या फाईलीत असतो, ती उबंटूवर 'डिफॉल्ट' फोल्डरात असते, रेड हॅटवर 'सिसकॉन्फिग'मध्ये. तिने आधी जुनी प्रत बाजूला ठेवली. मग सुरुवातीची मेमरी आणि कमाल मेमरी, दोन्हींपुढचा 2 काढून 4 लिहिला. दोन्ही सारखेच का? "चालता चालता मेमरी वाढवत बसायला नको त्याला." यंत्रात 8 जीबी आहेत, सगळी का नाही देत? "बाकीच्यांनाही लागते ना, मावशी."

तिने ओळीवरून बोट फिरवलं, अवतरणचिन्ह मिटलंय का ते दोनदा पाहिलं. इतक्या हळुवारपणे मी फक्त माझ्या आईला तांदूळ निवडताना पाहिलं आहे.

त्याच फाईलीत खाली तो आकडा होता : 300. इतक्या सेकंदांत सर्व्हर उभा राहिला नाही, तर सुरुवात फसली असं धरतात.

तिने रीस्टार्टची आज्ञा दिली. पडदा गप्प झाला. आज्ञा चुकली की निदान चूक दाखवणारा संदेश येतो. इथे काहीच येत नव्हतं. तिचा एक हात थर्मासच्या झाकणावर होता, पण ती ते उघडत नव्हती. चाळीस. साठ. चारशे यंत्रांची देखभाल या मुलीच्या एका रोखलेल्या श्वासावर उभी आहे, आणि ती यंत्रं वापरणाऱ्यांपैकी कुणालाच तिचं नाव माहीत नाही, हे मला त्या क्षणी फार लागलं.

अठ्ठ्याऐंशीव्या सेकंदाला सर्व्हर उभा राहिला. थोड्या वेळाने लॉगमध्ये पहिलं यंत्र विचारायला आलं, मग दुसरं.

तिने फाईल पुन्हा उघडली. बदललेल्या ओळीच्या वर तारीख टाकली आणि 2 चे 4 का केले ते एका वाक्यात लिहिलं. "माझ्यानंतर कुणी बघेल ना," म्हणाली, आणि मग चहा ओतला.