पावतीवरचा पंधरा आकडी नंबर मागून घ्या

परवा एक सभासद मामा ऑफिसात आले. लेकीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज करून महिना उलटला, पण काही पत्ता नाही. "ऑनलाइन केलंय की ओ सेक्रेटरी!" म्हणाले. पावती दाखवा म्हटलं, तर खिशातून निघाली झेरॉक्सवाल्याची चिठ्ठी. फॉर्म भरला होता, सबमिट झालाच नव्हता. मुलीच्या कॉलेजची तारीख गेली. म्हणून हे लिहितोय.

कर्नाटकात २०११ साली सेवा हमीचा कायदा झाला आणि २०१२ च्या एप्रिलपासून तो राज्यभर लागू झाला. त्यालाच 'सकाल' म्हणतात. (आपल्या 'सकाळ' पेपराचा संबंध नाही, सकाल म्हणजे वेळेवर.) यादीतलं काम ठरल्या दिवसांत झालंच पाहिजे, नाहीतर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई, तीही जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. वीस रुपयांत चहा-भजी येतात, खरं आहे. पण पगारातून कापलं की साहेबाला ते लागतं.

हे सगळं फिरतं ते पावतीवरच्या पंधरा आकडी सकाल नंबरावर. मुदतीचे दिवस त्या नंबरापासून मोजतात. नंबर नाही तर अर्जच नाही. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, पण तिथंही पहिल्यांदा हाच नंबर विचारतात.

बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं. आता शहरात कर्नाटक वन, खेड्यात ग्राम वन, घरबसल्या सेवा सिंधू. खिडकी बदलली तरी मागचा कायदा तोच आहे. मुदतीच्या बाबतीत सरकारचं धोरण आणि कॉम्प्युटर एका वाटेनं चालतात.

भाषेच्या बाबतीत तसं नाही. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली, तेव्हा केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी काही गोष्टी ठरवल्या होत्या. जिथं असे लोक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही छापायचे, ही त्यातलीच एक. निपाणी, बेळगावात आपण किती आहोत ते मी सांगायला नको. पण सेवा सिंधू उघडलं की कन्नड नाहीतर इंग्रजी. धोरण कागदावर राहिलं, स्क्रीनवर आलंच नाही. आपल्या बायकांना तर न वाचताच अंगठा द्यावा लागतो. म्हणून सबमिट करण्याआधी नाव, गाव, जात, खाते नंबर ऑपरेटरकडून मोठ्यानं वाचून घ्या. लाजू नका, पैसे देताय.

तक्रार मात्र मराठीत लिहून देता येते. राज्यघटनेचं कलम ३५० तेच सांगतं. उत्तर मराठीतच येईल असं त्यात नाही, पण मराठी आहे म्हणून अर्ज घेत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

आणखी एक. काही जण कंटाळून कागलच्या पाहुण्याच्या पत्त्यावर कागद काढायला जातात. महाराष्ट्राचा सेवा हक्क कायदा २०१५ चा, 'आपले सरकार' पोर्टल मराठीत, सगळं खरं. पण जातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. तिकडचा दाखला इकडच्या सवलतीला चालत नाही, आणि दोन पत्ते दिसले की दोन्हीकडचं अडकतं.

मासेमारांसाठी केंद्राचं 'नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म' सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. संस्थेची नोंद झाली म्हणजे सभासदाची झाली असं नव्हे. प्रत्येकानं आपापली करायची. मत्स्य संपदा योजनेत १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराला अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याला २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं, असं असलं तर पैसे अडकतात. कृष्णेला पूर आल्यावर होडी उलटली, तर त्या घरच्या बाईनं स्पेलिंग दुरुस्त करत फिरायचं काय?

मंगळवारी ऑफिस दहापासून उघडं आहे. आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, चार्जिंग करून. ओटीपी त्यावरच येतो. नावं जुळतात का ते आधी बघू, मग पुढचं.